चिठ्ठ्यांची पोच

परदेशच्या तीर्थयात्रेला निघणाऱ्यांसाठी आमच्या फादरांनी एक दोन पानी सूचनापत्रक काढलं होतं. ते मी इतक्या वेळा वाचलं की आजही मला झोपेतून उठवून विचारलंत तर घडाघडा म्हणून दाखवीन. बूट कोरे करकरीत नसावेत, निदान महिनाभर पायात घालून झालेले असावेत. पासपोर्टच्या दोन झेरॉक्स काढाव्यात, एक बॅगेत आणि एक अंगावर. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. तिथलं पवित्र पाणी आणण्यासाठी बाटली न्यावी, मात्र जाताना ती रिकामी असावी. गट सोडून एकट्याने कुठेही जाऊ नये, आणि गेलातच तर आधी छत्री शोधावी. सगळं कसं मुद्देसूद. फक्त एक मुद्दा राहिला होता. दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या नेऊ नयेत, आणि नेल्याच तर त्यांना नंबर घालू नयेत, हे त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. म्हणून ते मी इथे लिहून ठेवतो आहे.

मुळात जायचं होतं ते आमच्या हिला. त्या तीर्थस्थानी मरियामातेच्या पायाशी आपली विनंती लिहून ठेवायची, असं ती नऊ वर्षं म्हणत होती. त्या ठिकाणी तशी पद्धतच आहे. लोक आपापलं मागणं कागदावर लिहितात आणि तिथे ठेवून येतात. ज्यांना जाणं जमत नाही ते जाणाऱ्याच्या हाती पाठवतात. यंदा फादरांनी गट काढला आणि हिने आमच्या दोघांची नावं देऊन टाकली. माझं नाव सामान उचलण्यासाठी होतं. मी दर रविवारी मिस्साला जातो हे खरं, पण शेवटच्या बाकावर बसतो आणि पंखे मोजतो. एकूण चौदा आहेत.

निघायला तीन आठवडे राहिले असताना ही स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग काढायला गेली. बॅग खाली आली, हीसुद्धा आली. गुडघा असा सुजला की डॉक्टरांनी बघताक्षणी मान हलवली. सहा आठवडे जिने नाहीत, चढ नाहीत, आणि दगडी रस्ता तर मुळीच नाही. तीर्थस्थानी दोन किलोमीटरचा दगडी चढ होता. मी म्हटलं, आता दोघांचं रद्द करू.

"अहो, तुम्ही जा," ती म्हणाली. "दोघांतलं एक तरी पोचायला हवं. माझी चिठ्ठी न्या. तुमच्या हाताने तिच्या पायाशी ठेवा. कुणाच्या हाती द्यायची नाही आणि उघडून बघायची नाही."

नऊ वर्षांत तिने मागितलेली ही एकच गोष्ट. नाही कसं म्हणणार? चिठ्ठीत काय असणार हे तर उघडच होतं. ज्या बाईला न्हाणीघरापर्यंत भिंत धरत जावं लागतं ती गुडघ्याशिवाय दुसरं काय मागेल? मी हो म्हटलं, आणि तिथून माझे भोग सुरू झाले.

पहिला अडथळा माझ्या कानांनी आणला. व्हिसाच्या फोटोत दोन्ही कान दिसायला हवेत असा नियम आहे. माझा डावा कान जन्मतःच डोक्याला चिकटून आहे. तीन वेळा फोटो परत आला. चौथ्या वेळी फोटोवाल्याने कानामागे खोडरबराचा तुकडा ठेवला आणि म्हणाला, काका, हसू नका, पडेल. त्या फोटोत माझ्या चेहऱ्यावर जो गंभीर भाव आहे त्याचं फादरांनी नंतर खास कौतुक केलं. तुमची तयारी झालेली दिसते, असं म्हणाले.

दुसरा अडथळा मात्र मी स्वतः ओढवून घेतला. अर्जात 'प्रवासाचा उद्देश' असा रकाना होता. बाकीचे 'तीर्थयात्रा' लिहून मोकळे झाले. मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात काढली आहेत, मला खोटं लिहवत नाही. मी लिहिलं, 'पत्नीच्या वतीने हजर राहणे'. लगेच बोलावणं आलं. काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, पत्नी तिकडे आहे का? म्हटलं, नाही, पत्नी घरी आहे. मग हजर कुणापुढे राहणार? कोर्ट आहे का? म्हटलं, तसं म्हणायला हरकत नाही. झालं. फादरांना एक पत्र द्यावं लागलं, त्यात मी निरुपद्रवी असल्याचं लिहिलं होतं. तो शब्द मला अजून झोंबतो.

आता चिठ्ठ्यांकडे येतो. पहिली चिठ्ठी आमच्या गल्लीतल्या टेलरमास्तरांनी आणली. तुम्ही जाताय ना, मग एवढं ठेवा तिथे, असं म्हणून त्यांनी घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. मी काय केलं असेल? चौतीस वर्षं हातात कागद आला की मी जे केलं तेच केलं. टेबलाच्या खणातून तारखेचा शिक्का काढला. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी तो मला भेट दिला होता. चिठ्ठीच्या पाठीवर शिक्का मारला, आवक क्रमांक एक घातला, एका कोऱ्या वहीत नोंद केली आणि मास्तरांना पोच दिली. कागद मिळाल्याची पोच, खाली माझी सही. मास्तरांनी ती पोच दोनदा वाचली आणि हातातल्या मापाच्या वहीत जपून ठेवली. आजवर कुठेही विनंती केली तर त्यांना पोच मिळालेली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

पोच मिळते म्हटल्यावर लोक यायचे राहतात होय? दुसऱ्या दिवशी सात आले. चौथ्या दिवशी जिन्यात रांग लागली. मास्तरांनी गिऱ्हाइकांना सांगितलं, गिऱ्हाइकांनी नातेवाइकांना. ज्यांचा चर्चशी काडीचा संबंध नाही तेही आले, कारण आई ही कुणाचीही असली तरी आईच, असं त्यांचं म्हणणं. मी चिठ्ठ्या उघडत नसे. वहीत 'विषय' असा रकाना होता, तो तोंडी विचारून भरायचो. आजारपण, बदली, लग्न, कोर्टाची तारीख. एका गृहस्थांनी इकडेतिकडे बघत माझ्या कानाशी येऊन 'वैयक्तिक' असं सांगितलं. त्यांच्यानंतरच्या नऊ जणांनीही ते ऐकून वैयक्तिकच लिहायला लावलं.

वरच्या मजल्यावर भूगोलाचे निवृत्त सर राहतात. ते एकदा परदेशी विमानतळावर पाच तास बसून आलेले आहेत, त्यामुळे परदेशाच्या बाबतीत गल्लीत त्यांचा शब्द अखेरचा. ते रोज संध्याकाळी येऊन मला सल्ले देत. मोजे तीन जोड, त्यातला एक अंगावर. मानेला हवेची उशी. शर्ट मात्र दोनच, लवकर वाळणारे. रोज संध्याकाळी हॉटेलच्या बेसिनमध्ये एक धुवायचा, दुसरा घालायचा, असं ते चार-चारदा बजावत. यातलं शर्टाचं लक्षात ठेवा. जाताना त्यांनीही एक चिठ्ठी दिली आणि पोच मागून घेतली.

एकशे अकराव्या चिठ्ठीवर शिक्का मारत असताना ही चहा घेऊन लंगडत आली.

"तुम्ही मातेकडे जाणाऱ्या चिठ्ठीवर शिक्का मारता?" ती म्हणाली. "लोक डोळ्यांत पाणी आणून देतात ते, आणि तुम्ही विषय विचारता? तुम्हाला अजिबात पोच नाही."

हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आलो आहे. साखरपुड्यात मी तिच्या आत्याबाईंना वय विचारलं होतं, तेव्हा ते पहिल्यांदा उच्चारलं गेलं. कागदाच्या बाबतीत मी आयुष्यभर जी देत आणि घेत आलो ती पोच वेगळी, आणि माणसाला कुठे काय बोलावं हे कळतं ती पोच वेगळी. पहिली माझ्याकडे भरपूर आहे. दुसरी नाही, असं घरातलं मत आहे.

निघायच्या दिवशी सकाळी हिने आपली चिठ्ठी दिली. चार घड्या घालून, पाकिटात घालून, डिंकाने चिकटवलेली. शाळेपासूनच्या शाईच्या पेनाने लिहिलेली, कारण बॉलपेनाने लिहिणं म्हणजे समोरच्याचा अपमान असं ती मानते. माझा हात सवयीने शिक्क्याकडे गेला. तिने नुसतं बघितलं. मी हात मागे घेतला, पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाला सेफ्टी पिन लावली. बाकीच्या एकशे बारा चिठ्ठ्या वहीसकट एका कापडी पिशवीत होत्या.

विमानप्रवासाबद्दल मी काही सांगत नाही, तो सगळ्यांचा सारखाच होतो. उतरल्यावर मात्र माझा वेगळा झाला. आमचा गट एका मागोमाग एक बाहेर पडला आणि मला बाजूला घेतलं. गणवेशातल्या एका जाड मिशीच्या अधिकाऱ्याने माझी पिशवी स्टीलच्या टेबलावर उलटी केली. घड्या घातलेले एकशे बारा कागद, प्रत्येकावर नंबर, प्रत्येकावर तारखेचा शिक्का, आणि त्यांना न कळणाऱ्या लिपीतली वही. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. त्यांच्या बोलण्यातला 'लॉटरी' एवढा एकच शब्द मला कळला, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. चौतीस वर्षांत माझ्या वहीवर लेखापरीक्षकाने बोट ठेवलं नव्हतं, आणि इथे परक्या मुलखात मी जुगाराचा एजंट ठरत होतो.

काचेपलीकडून फादरांनी हे पाहिलं आणि ते धावत आले. मी धर्मगुरू आहे, असं ते परोपरीने सांगत होते. पण प्रवासात सैल, सुती कपडे घालावेत असं त्यांच्याच पत्रकात लिहिलेलं होतं, आणि ते त्यांनी तंतोतंत पाळलं होतं. चौकड्यांच्या बुशशर्टातल्या आणि चपला घातलेल्या गृहस्थांवर कोण विश्वास ठेवणार? त्यांनाही माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. त्या वेळी फादरांनी माझ्याकडे जसं बघितलं तसं धर्मगुरूने बघू नये असं मला वाटतं.

शेवटी आमच्या गाइडबाई आत आल्या. हिरवी छत्री मिटून हातात धरलेली. ही त्या सूचनापत्रकातली छत्री. यात्राभर बाई ती डोक्यावर उंच धरून पुढे चालतात आणि आपण फक्त छत्रीकडे बघत मागे जायचं. बाईंनी एक चिठ्ठी न उघडता उचलली, छातीशी धरली आणि अधिकाऱ्याशी त्याच्या भाषेत दोनच वाक्यं बोलल्या. त्याने सगळ्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने पिशवीत भरल्या, एकही न उघडता. मग तो बाईंशी हळूच काहीतरी बोलला. बाई इंग्रजीत मला म्हणाल्या, हे विचारतात, अजून एक चालेल का?

त्याने एका छापील फॉर्मच्या पाठीवर चार ओळी लिहिल्या आणि घडी घालून माझ्यापुढे धरली. काय झालं असेल त्याच्या घरी, कोण जाणे. मी शिक्का काढला. आवक क्रमांक एकशे तेरा, विषय वैयक्तिक. तो टेबलाशी उभाच राहिला. मग माझ्या लक्षात आलं आणि मी त्याला पोच लिहून दिली, शुद्ध मराठीत. त्याने ती टोपीच्या आत ठेवली.

यात्रेतले पुढचे दोन दिवस छान गेले. सगळ्यांच्या कानात एकेक यंत्र दिलेलं असतं, त्यातून गाइडबाई कितीही लांब असल्या तरी ऐकू येतात. इथे एक सल्ला, चालू करताना आकडा नीट बघून लावावा. मी पहिल्या दिवशी दुसऱ्याच गटाच्या आकड्यावर होतो आणि तासभर कुठल्या तरी अनोळखी भाषेतली माहिती मान डोलवत ऐकली. ती मला जास्त भावली, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवायच्या आधी मी सरांच्या आज्ञेप्रमाणे शर्ट धुवायला घेतला. उद्या सकाळी तीर्थस्थानी जायचं होतं, कॉलर स्वच्छ हवी. बेसिनमध्ये पाणी सोडलं, साबण लावला, खसाखसा चोळला. तिसऱ्यांदा चोळताना बोटात काहीतरी टोचलं. बघतो तर सेफ्टी पिन. पिनेखाली खिसा, आणि खिशातून निळं पाणी.

चिठ्ठी मी दोन बोटांत धरून बाहेर काढली. पाकिटाचा डिंक सुटला होता, घड्या आपोआप उलगडत होत्या. मी ती उघडली नाही, हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन. भिंतीवर केस वाळवायचं यंत्र होतं. एरवी त्याचा मला काहीही उपयोग नाही, डोक्यावर वाळवण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याची गरम हवा चिठ्ठीवर धरून मी उभा राहिलो. सगळं लिहिलेलं वाहून गेलं होतं. कागदभर नुसता निळा ढग. मधली एक ओळ तेवढी घडीच्या आत राहून वाचली होती, तीही अर्धी. मी डोळे मिटायच्या आत ती डोळ्यांत शिरली. 'ह्यांना पोच', आणि पुढे शाईचा डाग.

खरं सांगतो, आधी मला लाज वाटली आणि मग राग आला. नऊ वर्षं वाट पाहिली, गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला, आणि ही बाई सातासमुद्रापार मरियामातेकडे माझी तक्रार पाठवते? ह्यांना पोच नाही. किंवा, ह्यांना पोच दे. म्हणजे हे आता घरापुरतं राहिलेलं नाही, वरपर्यंत गेलं. मी जेवायला गेलो तो तोंड फुगवूनच. फादर म्हणाले, काही होतंय का? म्हटलं, शर्ट ओला आहे.

सकाळी बसमध्येही मी कुणाशी बोललो नाही. आणि मग तो चढ लागला. दोन किलोमीटर गोल गुळगुळीत दगड, एक सपाट म्हणून नाही. महिनाभर वापरलेले बूट असूनही माझी पावलं वेडीवाकडी पडत होती. बायका, म्हातारे, चाकाच्या खुर्चीतली माणसं, सगळे हिरव्या, लाल, पिवळ्या छत्र्यांमागे हळूहळू चढत होते आणि बहुतेकांच्या हातात एखादा कागद होता. त्या रस्त्यावर मला तिची फार आठवण झाली. ती असती तर दर शंभर पावलांवर थांबली असती, मला बसा म्हणाली असती आणि स्वतः बसली नसती. आणि मी तिच्याशिवाय, तिच्या चिठ्ठीचा लगदा करून, वर तिच्यावरच रुसून चाललो होतो. माझा राग कुठल्या वळणावर गळून पडला ते मला कळलं नाही.

वर मूर्तीच्या पायाशी एक मोठी लाकडी पेटी होती. शेजारी एक ठेंगण्या सिस्टर उभ्या होत्या. मी पिशवीतून एकेक चिठ्ठी काढून नंबराप्रमाणे पेटीत टाकली, एकशे तेराव्यापर्यंत. मागची रांग निमूटपणे थांबून राहिली. मग मी तो निळा कागद काढला आणि गाइडबाईंना म्हटलं, सिस्टरना विचारा, धुतलेली चालते का?

सिस्टरनी कागद पाहिला, मग मला पाहिलं. त्या काहीतरी म्हणाल्या आणि बाईंनी मला सांगितलं, "चालते. आम्ही चिठ्ठ्या वाचत नाही. पेटी भरली की तशाच जाळतो. त्या आम्हाला लिहिलेल्या नसतात."

वाचत नाहीत, नोंदवत नाहीत, आणि जाळतात. आवक-जावकच्या माणसाला हे ऐकून घेरी यायला हवी होती. मला मात्र हलकं वाटलं. मी तो कागद माझ्या हाताने मातेच्या पायाशी टेकवून पेटीत सोडला. वचन पाळलं गेलं. पण गुडघ्याचं काय? चिठ्ठीत तर माझंच रडगाणं होतं. गुडघ्याबद्दल कुणीच काही मागितलेलं नव्हतं.

मी वहीचं शेवटचं पान फाडलं आणि भिंतीला टेकवून लिहायला घेतलं. आयुष्यात मी शेकडो मसुदे लिहिले, पण असला एकही नाही. कचेरीची सोडून दुसरी भाषा मला येत नाही, म्हणून येते तीच वापरली. 'विषय: पत्नीचा उजवा गुडघा. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर गुडघा लवकरात लवकर बरा होणेबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी. अर्जदाराला पोच नाही याची अर्जदारास कल्पना आहे, तरी त्याचा राग गुडघ्यावर काढू नये. पत्नी चांगली आहे. तिच्यावाचून मला करमत नाही.' सही केली. मग थोडं थांबून खाली लिहिलं, 'या अर्जाची पोच देण्याची आवश्यकता नाही.' शिक्का खिशातच होता, पण मारला नाही. अर्ज तसाच घडी घालून पेटीत सोडला.

परत आलो तेव्हा टॅक्सी गल्लीत शिरली आणि मी पाहिलं, ही जिन्याखाली फाटकाशी उभी. बावीस पायऱ्या उतरून आलेली. मी ओरडणार होतो. पण ते ऐकू गेलं नसतं, कारण तिच्यामागे हातात पोच घेऊन अर्धी गल्ली उभी होती. आमच्या अर्जाचं काय झालं? काही उत्तर? टेलरमास्तरांना किती दिवस लागतील ते हवं होतं. भूगोलाचे सर मागे उभे राहून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारत होते. मी सगळ्यांना एकच सांगितलं, सगळ्या जागेवर पोचल्या, इथून पुढचं खातं माझ्याकडे नाही. चौतीस वर्षं हेच उत्तर दिलेलं असल्यामुळे ते सफाईने आलं.

वर आल्यावर हिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "माझी पोचली?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण मग बेसिन, पिन, निळं पाणी, केस वाळवायचं यंत्र, सगळं सांगून टाकलं. एक ओळ नकळत वाचली गेली हेही सांगितलं. आणि सांगता सांगता जुना सल वर आला.

"निदान तिथे तरी माझी उणीदुणी काढायची नव्हतीस," मी म्हटलं. "मला पोच नाही, हे मातेला कळवायलाच हवं होतं का?"

मग तिने तोंडावर पदर घेतला. आधी मला वाटलं रडते आहे.

"पोच नाही हो," ती म्हणाली. "पोचव. 'ह्यांना पोचव आणि नीट परत आण', असं लिहिलं होतं. 'व' वाहून गेला असेल. एकटे कधी गेला नव्हतात तुम्ही कुठे, मला काळजी होती."

मी स्टुलावर बसलो. तेच ते स्टूल.

"आणि गुडघा?" मी विचारलं. "गुडघ्याचं काहीच नव्हतं?"

"गुडघ्याला डॉक्टर आहेत."

मग मी माझ्या अर्जाची गोष्ट सांगितली. विषय, मसुदा, सगळं. करमत नाही ते वाक्य मी गाळलं, पण तिने बरोबर ओळखलं असावं, कारण तिची नजर मऊ झाली. मग एकदम ती थांबली.

"कुठला गुडघा लिहिलात?"

"उजवा."

"माझा डावा दुखतो."

मी रोज समोर बसून तिच्या गुडघ्याला तेल लावत आलो आहे. समोर बसलं की तो माझ्या उजव्या हाताला येतो. हे मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती हसायला लागली, इतकी की तिला भिंत धरावी लागली आणि डोळ्यांतून पाणी आलं. म्हणजे पोच खरंच नाही, असं ती हसतच म्हणाली.

हसू ओसरल्यावर तिने माझ्या पिशवीतली वही मागून घेतली. एकशे तेरा नोंदींच्या खाली पट्टीने एक रेघ मारली. शाईचं पेन काढलं. क्रमांकाचा रकाना तिने मोकळा सोडला. विषयाच्या रकान्यात लिहिलं, 'हे'. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'पोचले, परतही आले', आणि त्याखाली तारीख घालून सही केली.

मग म्हणाली, शिक्का मारायचा असेल तर मारा.